टेबलावरचा की पाठीवरचा?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले, की तुमसरच्या पुष्कळ घरांत एक प्रश्न मुक्कामाला येतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? दुकानदार त्याचं उत्तर किमतीत देतो, मित्र प्रोसेसरच्या आकड्यांत देतात. आकाराचा विचार शेवटी होतो किंवा होतच नाही. १५.६ इंच हाच लॅपटॉपचा मूळ आकार आणि बाकीचे त्याचे अपवाद, अशी समजूत रुजली आहे. मला मात्र वाटतं, तुमसरहून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी पहिल्यांदा आकारच ठरवावा आणि मग पुढचं बोलावं.

याचं कारण गावाच्या जागेत आहे. तुमसरला धानाची मोठी बाजारपेठ आहे, राइस मिल आहेत, तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. पण इंजिनिअरिंग शिकायचं तर एका बाजूला गोंदिया सुमारे ५० किलोमीटर, दुसऱ्या बाजूला नागपूर सुमारे ८० किलोमीटर. मुंबई-हावडा मार्गावरचं तुमसर रोड स्टेशनही गावात नाही, बाहेर देव्हाडीला आहे. होस्टेलचा खर्च टाळायचा तर रोजचं अप-डाऊन. पुण्या-मुंबईच्या मुलांना कॅम्पसच्या फाटकापासून लॅपटॉप वाहायचा असतो. इथल्या मुलीच्या पाठीवर तो पहाटे घराच्या दारातच चढतो.

शिवाय घराच्या हिशेबात लॅपटॉपची जागा बदलली आहे. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. फीचा डोंगर उतरलेल्या घरात आता प्रवेशाच्या वेळी एकरकमी सगळ्यांत मोठा आकडा असतो तो बहुधा लॅपटॉपचाच. म्हणून ही निवड मी किरकोळ मानत नाही.

खाली बोलणारी दोघं मी कल्पिलेली आहेत. मामाजी राइस मिलमध्ये हिशेब पाहतात. भाची नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे; पहिलं वर्ष तिनं अप-डाऊन केलं, नंतर होस्टेलला गेली. लॅपटॉप घ्यायचा आहे तो तिच्या धाकट्या बहिणीसाठी. तिला नागपूरच्या हिंगणा रोडकडच्या कॉलेजात जागा मिळेल अशी आशा आहे आणि पहिलं वर्ष तीही घरूनच जाऊन-येऊन करणार आहे.

मामाजी : पाय बाई, पन्नास हजार म्हणजे थोडी रक्कम नाही. २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. एकवीस क्विंटल धान विकावा तेव्हा एक लॅपटॉप येते. एवढा पैसा घालायचा तं पडदा तरी धड दिसला पाहिजे. छोटा काहून घ्यावा?

भाची : रक्कम मोठी आहे म्हणूनच म्हणते, मामाजी. एकवीस क्विंटल धानाची वस्तू घरी पडून राहिली तर? माझ्या वर्गात कितीतरी जणांनी हौसेनं मोठा लॅपटॉप घेतला. दोन महिने आणला. मग तो होस्टेलच्या पलंगावर राहिला आणि वर्गात ते मोबाइलच्या पडद्यावर नोट्स वाचायला लागले.

मामाजी : तं राहू दे ना पलंगावर. कॉलेजात लॅब असते. एवढी फी काय भिंती पाहाले घेतात? प्रॅक्टिकल तिथं करावं, अभ्यास घरी करावा. रोज पाठीवर नेलंच पाहिजे असं कोणी सांगितलं?

भाची : लॅब प्रॅक्टिकलच्या तासाला उघडते, नंतर दुसरी बॅच येते. धाकटीला खरा वेळ मिळणार तो तासांच्या मधे, लायब्ररीत, परतीच्या गाडीची वाट पाहताना आणि जागा मिळाली तर गाडीत. घरी ती संध्याकाळी सात-साडेसातला येईल. जेवून पुस्तक उघडेपर्यंत डोळे मिटतात, मी वर्षभर अनुभवलंय. अप-डाऊन करणाऱ्याचा अभ्यास घरी होत नाही, वाटेत होतो. तो वाटेत व्हायचा तर यंत्र वाटेत सोबत हवं.

मामाजी : मी म्हणत नाही सोबत नेऊ नको. पण दोघांत फरक किती, तं अर्धा किलो! मी दुकानात दोन्ही उचलून पाहिले. अर्ध्या किलोनं पोरीची पाठ वाकत नाही.

भाची : दुकानात तुम्ही एका हातात उचललात. तिच्या बॅगेत तो एकटा नसणार. मोजू या. साधा १५.६ इंची लॅपटॉप १.८ किलो, चार्जर ४०० ग्रॅम. एक लिटर पाण्याची बाटली, बाटलीसकट १.१ किलो. डबा ७०० ग्रॅम. दोन पुस्तकं आणि प्रॅक्टिकलचं जर्नल मिळून सव्वा किलोच्या आसपास. छत्री ३०० ग्रॅम. झाले साडेपाच किलो. १४ इंची लॅपटॉप १.४ किलोपर्यंत मिळतो, त्याचा चार्जरही छोटा. बॅग पाच किलोच्या आत येते.

मामाजी : पाच काय अन् साडेपाच काय.

भाची : केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात अकरावी-बारावीचं दप्तर साडेतीन ते पाच किलोचं धरलंय आणि एकूण नियम आहे तो शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. धाकटीचं वजन ४५ किलो. म्हणजे तिचं दप्तर साडेचार किलोचं हवं. शाळेत असताना ज्या पोरीच्या पाठीची सरकारला काळजी होती, ती तीन महिन्यांत कॉलेजात गेली की कोणी विचारत नाही.

इथे मला थोडं थांबून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. मांडीवर ठेवायचा संगणक प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, ॲलन के या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं मुलांसाठीच्या अशा यंत्राचा आराखडा लिहिला. त्याला त्यानं डायनाबुक म्हटलं. वहीपेक्षा मोठं नको आणि वजन चार पौंडांच्या आत हवं, अशी त्याची अट होती. चार पौंड म्हणजे सुमारे १.८ किलो. पुढे १९८१ मध्ये बाजारात आलेला ऑस्बोर्न-१ 'नेण्याजोगा' म्हणून विकला गेला. त्याचं वजन अकरा किलो होतं आणि पडदा पाच इंचांचा. आज मामाजी दुकानात उचलतात तो साधा १५.६ इंची लॅपटॉप ॲलन केच्या अटीच्या अगदी काठावर उभा आहे आणि आकारानं वहीहून बराच मोठा आहे. वाहून नेण्याचा विचार या यंत्राच्या जन्मातच होता. बाजारानं टेबलावरच्या संगणकाला पर्याय म्हणून ते विकलं आणि आपण तीच समजूत धरून बसलो.

भाची : आणि वजनाहून मला जास्त त्रास झाला तो रुंदीचा. १५.६ इंची यंत्र जवळपास ३६ सेंटिमीटर रुंद. वर्गातल्या एकहाती खुर्चीच्या लिहायच्या पट्टीवर ते मावत नाही, एक कड हवेत राहते. गाडीत मांडीवर घेतलं तर कोपर शेजारच्याला लागतं. १४ इंची यंत्र ३१-३२ सेंटिमीटरचं. चार-पाच सेंटिमीटरचाच फरक, पण तेवढ्यावर बसायला जागा मिळते की नाही ते ठरतं. तिचा रस्ता आठवा: घरून ऑटोनं देव्हाडी, तिथून गाडीत दीड-दोन तास, बहुतेक वेळा उभ्यानं. नागपूर स्टेशनवरून मेट्रोची ॲक्वा लाइन, शेवटच्या लोकमान्य नगर स्टेशनहून पुढे पुन्हा ऑटो किंवा कॉलेजची बस. गर्दीत ती बॅग पुढे, पोटाशी घेणार. तेव्हा जाडी-रुंदी समजते.

मामाजी : हे मान्य करतो. तुमसर रोडची सकाळची गर्दी मले नवी नाही. पण आता माह्या बाजूनं पाहा. तुह्या घरी हा एकच कॉम्प्युटर राहणार. तुह्या बाबाले चष्म्याचा नंबर. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म याच्यावरच भरणार, लहान भावाचा ऑनलाइन क्लास याच्यावरच, घरचा हिशेब याच्यावरच. लॅपटॉप पोरीचा असला तरी पडदा घराचा आहे. तिची पाठ एका जागी अन् चार जणांचे आठ डोळे एका जागी.

या मुद्द्यापाशी मी स्वतः बराच वेळ घुटमळलो. शहरातल्या सल्ल्यांमध्ये लॅपटॉप हा एका माणसाचा असतो. तुमसरच्या घरात तो पहिला आणि एकमेव संगणक असतो. त्याच्यावर सातबारा निघतो, फॉर्म भरले जातात, रात्री सिनेमाही लागतो. मामाजींचं म्हणणं हट्टाचं नाही, घर चालवणाऱ्या माणसाचं आहे. भाचीनंही ते उडवून लावू नये.

भाची : डोळ्यांचं खरं आहे. पण पडदा मोठा म्हणजे जास्त दिसतं असं नाही, हे आधी सांगू द्या. दोन्ही पडद्यांवर बिंदू तेवढेच असतात, १९२० गुणिले १०८०. मोठ्या पडद्यावर तीच अक्षरं सुमारे अकरा टक्क्यांनी मोठी दिसतात, एवढंच. उलट काही १४ इंची पडदे उंचीला जास्त असतात, १९२० गुणिले १२००. त्यावर १२० ओळी बिंदूंच्या जास्त, म्हणजे प्रोग्रॅमच्या चार-सहा ओळी जास्त. कोडिंग करताना रुंदीपेक्षा उंची कामाची.

मामाजी : मंग दुकानात छोट्या पडद्यावर एक्सेलचे खाने कमी काहून दिसत होते? मी मोजले.

मामाजींनी बरोबर मोजले. विंडोज छोट्या पडद्यावर अक्षरं वाचता यावीत म्हणून ती आपणहून फुगवते. १४ इंचांवर बहुधा दीडपट, १५.६ वर सव्वापट. त्यामुळे बिंदू सारखे असूनही छोट्या पडद्यावर मजकूर कमी मावतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन दीडपटीची सव्वापट करता येते. मग मजकूर तेवढाच मावतो, पण अक्षरं बारीक होतात. अठरा वर्षांच्या डोळ्यांना ते चालतं, पन्नाशीच्या डोळ्यांना नाही. म्हणजे भाचीचं गणित धाकटीपुरतं खरं आहे आणि मामाजींचं बाबांपुरतं.

भाची : त्यावर उपाय आहे. १४ इंची लॅपटॉप पाठीवर आणि घरी टेबलावर एक २२ किंवा २४ इंची मॉनिटर. सहा-आठ हजारांत येतो. एचडीएमआयची वायर लावली की बाबांना १५.६ पेक्षा कितीतरी मोठं दिसेल. नंबरांचा कीपॅड तुम्हाला हवा असतो, तोही पाचशे-सातशे रुपयांत वेगळा मिळतो, यूएसबीचा.

मामाजी : अन् लाइट गेली तं? मे महिन्यात आपल्या इथं दुपारी दुपारी लाइट जाते. मॉनिटर बंद, वायर लोंबते. मोठा लॅपटॉप असता तं बॅटरीवर तुह्या बाबाचं काम चाललं असतं.

भाची : लाइट गेल्यावर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आहेच की. तासभर बारीक अक्षरं वाचावी लागतील. त्या एका तासासाठी वर्षभर रोज अर्धा किलो वाहायचं का?

मामाजी : मेचं निघालंच आहे तं आणखी एक. आपल्याकडं पारा पंचेचाळीसले जाते. पातळ यंत्र तापते. मिलच्या ऑफिसात एक आणला होता, दुपारी दोन वाजता असा मंद व्हायचा की एक व्हाउचर उघडाले चहा संपायचा. जाड यंत्रात पंखा मोठा, हवा खेळते.

या बाबतीत मी मामाजींच्या बाजूनं आहे आणि विदर्भात लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. पुष्कळ कंपन्या आपल्या यंत्रासाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतचं सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, नेमक्या परीक्षांच्या दिवसांत, सावलीतही त्यापेक्षा जास्त असतं. यंत्र तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. पातळ अंगात उष्णता बाहेर काढायला जागा कमी, म्हणून तो लवकर मंदावतो. बॅटरीचं आयुष्यही उष्णतेनं घटतं. म्हणून १४ इंच घ्यायचा ठरलाच तर त्यातला सगळ्यांत पातळ, सगळ्यांत चकचकीत घेऊ नये. दोन-तीन मिलिमीटर जास्त जाड, नीट पंखा असलेला आणि कमी वीज खाणाऱ्या, 'यू' मालिकेच्या प्रोसेसरचा घ्यावा. दुपारी यंत्र गादीवर, रजईवर ठेवू नये, कूलरच्या थेट ओल्या झोतातही नको. आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

भाची : हे मी लिहून घेते. पण बॅटरीचं माझंही ऐका. लिहिणं-वाचणं, साधं कोडिंग करताना यंत्र सात-आठ वॅट घेतं. ५६ वॅट-तासांची बॅटरी असेल तर सात तास निघतात, चार्जर घरी ठेवता येतो. स्वस्तातल्या बऱ्याच १५.६ इंची यंत्रांत बॅटरी ४१-४२ वॅट-तासांचीच असते. अंग मोठं, बॅटरी छोटी आणि पडदा मोठा म्हणून उजेडाचा खर्च जास्त. चार्जर न्यावाच लागतो, आणि वर्गात प्लगपाशी ज्याची जागा त्याचंच राज्य. म्हणून बॅटरीचा आकडा पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि चार्जर टाइप-सीचा हवा, म्हणजे मोबाइललाही तोच चालतो.

मामाजी : बरं. आता शेवटचं, अन् हे तू टाळू नको. त्याच पैशात मोठ्यात जास्त मिळते. दुकानदारानं दोन्ही मांडले होते, प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, अन् छोटा चार-पाच हजारांनं महाग. वरून छोट्यात रॅम बोर्डालेच चिकटवलेली, पुढं वाढवता येत नाही. मोठ्यात खाचा आहेत. आज आठ जीबी घेतली, दोन वर्षांनी सोळा केली. आपल्यासारख्या माणसानं थोडं थोडं करूनच वाढावं लागते.

भाची : हे खरं आहे.

मामाजी : खरं आहे ना?

भाची : हो. म्हणून धाकटीच्या यंत्रात पहिल्या दिवसापासून १६ जीबी हवी, किंवा निदान एक खाच रिकामी असलेलं १४ इंची मॉडेल शोधायचं. ऑफिसांसाठी बनलेल्या १४ इंची मॉडेलांमध्ये अशी खाच अजून असते. नवी महाग वाटली तर कंपन्यांतून निघालेली, दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेली घेता येतात. पण आठ जीबी चिकटवलेलं स्वस्त १४ इंची मात्र नाही. त्यापेक्षा तुमचं १५.६ बरं.

मामाजींचं हे 'थोडं थोडं करून वाढणं' मला फार महत्त्वाचं वाटतं. यंत्रं पातळ करताना कंपन्यांनी ते बंद केलं, आणि त्याचा फटका पगाराच्या हप्त्यावर नव्हे तर हंगामाच्या पैशावर जगणाऱ्या घरांना बसतो. भाचीनं तिथं माघार घेतली ते योग्यच केलं.

गेमिंग लॅपटॉपचा विषय दोघांनी एका मिनिटात संपवला. सव्वादोन-अडीच किलोचं यंत्र, वर सहाशे-सातशे ग्रॅमचा चार्जर, आणि प्लगशिवाय दोन-तीन तास. पहिल्या वर्षाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे मशीन लर्निंगचं मोठं काम आलं तर ते गूगल कोलॅबसारख्या ठिकाणी दूरच्या यंत्रावर चालवता येतं. आर्किटेक्चरला जाणाऱ्या किंवा दिवसरात्र त्रिमितीय रेखाटन करणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी; त्यानं मोठं, जड यंत्रच घ्यावं आणि टेबलाची सोय करावी.

होस्टेलला राहणाऱ्यालाही मी सरसकट १४ इंच सांगणार नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीचं उदाहरण घ्या. १९६० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा परिसर दोनशे एकरांहून मोठा, पण होस्टेल आतच. तिथला मुलगा जेवणाच्या सुट्टीत खोलीवर जाऊन यंत्र चार्ज करून येऊ शकतो. त्याच्या खोलीत टेबल असतं, रात्र त्याची स्वतःची असते. त्याला १५.६ चालेल, कदाचित तेच बरं पडेल. एकाच गावातल्या, एकाच शाखेच्या दोन मुलांना वेगवेगळा आकार योग्य ठरतो तो एवढ्याशा फरकानं: संध्याकाळी सहा वाजता एक जण खोलीत असतो आणि दुसरी अजून कामठी-भंडारा रोडच्या मधे कुठेतरी गाडीत उभी असते.

मामाजी : म्हणजे तुह्या मते धाकटीले १४.

भाची : १४ इंच, उंच पडदा, १६ जीबी, ५५ वॅट-तासांच्या वर बॅटरी, दीड किलोच्या आत. मॉनिटर आत्ता नाही, दिवाळीनंतर धान विकला की. तोवर बाबांचे फॉर्म मी सुटीत येऊन भरून देईन. आणि दुकानात जाताना तिनं आपलीच बॅग न्यायची. पाण्याची बाटली, डबा, पुस्तकं भरून. त्यात यंत्र ठेवून दुकानाचा जिना दोनदा चढायचा. मग पैसे द्यायचे.

मामाजी : जिना चढताना मी सोबत येतो. पण कीपॅड मी आणून देईन, माह्या पैशानं. वेगळा असला तरी घरात पाहिजे.

भाची : द्या. आणि घाई नको करायला. अजून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या बाकी आहेत. हिंगणा रोड मिळालं तर अप-डाऊन, गोंदिया मिळालं तरी अप-डाऊन, पण लांबचं शासकीय कॉलेज लागलं तर होस्टेल.

मामाजी : अन् होस्टेल लागलं तं?

भाची : तर तुमचं १५.६ पुन्हा पाहू.